किडा गेला, कुलूप तसंच!

कम्प्युटर जरा 'स्लो' झाला की आपण म्हणतो, व्हायरस आला. माऊस अडकला, व्हायरस. प्रिंटर रुसला, तरी व्हायरसच! पण ज्या दिवशी घरच्या पीसीवर खरोखरचं रॅन्समवेअर येतं ना, त्या दिवशी पीसी एकदम शहाण्यासारखा वागत असतो. विंडोज सुरू होतं, नेट चालतं, यूट्यूबवर गाणी वाजतात. उघडत नाहीत त्या फक्त तुमच्या स्वतःच्या फायली. गोव्याचे फोटो, सीव्ही, फॉर्म सिक्स्टीनची पीडीएफ, बाबांनी दहा वर्षं भरत आणलेली एक्सेल शीट. सगळं जागच्या जागी दिसतं, उघडत मात्र काहीच नाही.

आणि यात अपघात काही नसतो, बरं का. पीसी धडधाकट ठेवणं हा त्यांच्या प्लॅनचाच भाग. मशीनच बंद पडलं तर तुम्ही खंडणीची चिठ्ठी वाचणार कशी आणि पैसे भरणार कुठून?

रॅन्सम म्हणजे खंडणी. हे सॉफ्टवेअर तुमच्या फायली पुसत नाही. ते त्या एन्क्रिप्ट करतं, म्हणजे त्यांना कुलूप घालतं. समजा, रात्रीत कुणीतरी येऊन तुमच्या दुकानाच्या शटरला स्वतःचं दणकट कुलूप लावून गेलं. माल आत आहे, शटर तुमचंच आहे, किल्ली मात्र त्याच्याकडे. आणि शटरवर चिठ्ठी, की किल्ली हवी असेल तर इतके इतके पैसे टाका. आता तो कुलूपवाला अजून गल्लीतच घुटमळत होता आणि तुम्ही त्याला पकडून हाकलून दिलंत. छान केलंत. पण शटर उघडलं का? नाही ना?

सगळा घोळ इथेच आहे. 'रॅन्समवेअर कसं काढायचं?' असं आपण विचारतो, तेव्हा डोक्यात असतं 'माझे फोटो परत कसे मिळवायचे?' ही दोन वेगळी कामं आहेत, बॉस! पहिलं एखाद्या फुकटच्या स्कॅनरने तासाभरात होतं. दुसरं कधी होतं, कधी होत नाही. आणि पहिलं घाईत उरकलं, तर दुसऱ्याची उरलीसुरली शक्यताही आपण आपल्या हाताने घालवून बसतो.

फायलींना शेपूट

शटरचा दाखला सुचला तो मंडईमुळे. २०२१चा जून महिना. कोरोनाची दुसरी लाट ओसरत होती. मंडईच्या आवारात मेट्रोच्या भुयारी स्टेशनचं काम चाललेलं आणि भाजीवाल्यांच्या आरोळ्यांत मशीनची धडधड मिसळलेली. माझ्या एका मित्राच्या बाबांचं तिथे पूजेच्या सामानाचं दुकान आहे. कापूर, सुपाऱ्या, जानवी, उदबत्त्या, सगळं. घर तिथून दोन गल्ल्यांवर, शुक्रवार पेठेत. घरात पीसी एकच. सकाळी त्यावर पुतण्याची ऑनलाइन शाळा, दुपारी काकूंच्या रेसिपीज, रात्री काकांची टॅली. एका रविवारी काकांचा फोन आला, ''अरे, तू कम्प्युटरमधला ना? जरा येऊन जा. आमच्या फायलींना शेपूट फुटलंय.''

(मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. पण पेठेत 'कम्प्युटरमधला' या पदात प्रिंटरपासून सेट टॉप बॉक्सपर्यंत सगळं येतं, हे तिथे वाढलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको.)

शेपूट हा शब्द इतका परफेक्ट होता की तेव्हापासून मीही तोच वापरतो. फोटोच्या नावापुढे 'डॉट जेपीजी' असतं, त्याच्याही पुढे आणखी एक डॉट आणि चार अक्षरांचं काहीतरी अगम्य. प्रत्येक फाइलला तेच शेपूट. फोटोंची छोटी चित्रं गायब, त्या जागी कोरे पांढरे आयकॉन. आणि दर फोल्डरमध्ये 'रीडमी' नावाची एक टेक्स्ट फाइल, मुकाट्याने बसलेली. तिच्यात लिहिलेलं, की किल्लीची किंमत ९८० डॉलर, पण ७२ तासांत संपर्क साधलात तर ५० टक्के सूट, फक्त ४९० डॉलर! शिवाय सॅम्पल म्हणून एक फाइल फुकट उघडून मिळेल. ४९० डॉलर म्हणजे तेव्हाच्या भावाने साधारण ३६ हजार रुपये. तुळशीबागेत निम्म्यात मागायची आपली रीत; इथे विकणाराच पहिल्या चिठ्ठीत निम्म्यावर आला होता.

हसू आलं, पण काकूंच्या चेहऱ्याकडे बघून आवरलं. त्या फोल्डरमध्ये ताईच्या लग्नाचे फोटो होते. त्या फोटोंत आजी होत्या. आणि आजी नुकत्याच, एप्रिलमध्ये गेल्या होत्या.

झालं काय होतं, ते पुतण्याने हळूहळू सांगितलं. एक गेम हवा होता. विकत घ्यायचा म्हणजे काका रागावणार. मग नेटवर 'क्रॅक' सापडला. सोबत सूचना होती, की इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस बंद ठेवा. पोराने ठेवला. मग स्क्रीनवर विंडोज अपडेटची खिडकी आली, टक्के पुढे सरकायला लागले. ते बिचारं अपडेट संपायची वाट बघत शांत बसून राहिलं. अपडेट वगैरे काही नव्हतंच. त्या खिडकीमागे कुलपं लागत होती.

नकली अपडेट, चार अक्षरी शेपूट, ९८०चे ४९०. ही सगळी लक्षणं एकाच खानदानाची. जाणकार त्याला 'स्टॉप' किंवा 'डीजेव्हीयू' म्हणतात. हा बँका-हॉस्पिटलांच्या वाट्याला फारसा जात नाही, त्यामुळे पेपरात हेडलाइन होत नाही. हा येतो घरी. क्रॅक, कीजेन, फुकटचा ॲक्टिव्हेटर यांच्या पाठीवर बसून. म्हणजे शिकार कोण, तर सॉफ्टवेअरचे पैसे वाचवणारा विद्यार्थी, नाहीतर घरबसल्या फोटोशॉप शिकू पाहणारी तुमची-माझी बहीण. माझ्या मते घरच्या पीसीसाठी सगळ्यात खतरनाक वाक्य एकच, 'अँटिव्हायरस थोडा वेळ बंद करा'.

''फॉरमॅट मारू का?''

काकांचा पहिला प्रश्न हाच. ''कोपऱ्यावरचा म्हणतोय, पाचशे रुपयांत फॉरमॅट मारून देतो. सांगू का त्याला?''

''काका, थांबा. फॉरमॅट मारला की किडा जाईल, पण फायलीही जातील. आत्ता निदान कुलपात का होईना, आहेत तरी.''

मग काकांनी कपाट उघडलं आणि एक पेनड्राइव्ह काढला. ''यात टॅलीचा जुना बॅकअप असेल. लावून बघू का?'' मी अक्षरशः त्यांचा हात धरला. कारण हे रॅन्समवेअर एकदा काम करून निघून जात नाही. ते विंडोजच्या शेड्यूलमध्ये स्वतःची नोंद करून ठेवतं आणि दर काही मिनिटांनी पुन्हा जागं होतं. नवीन काही दिसलं, की त्यालाही कुलूप. घरात असलेला एकमेव चांगला बॅकअप अशा पीसीला लावणं म्हणजे कुलूपवाल्याला दुसऱ्या दुकानाचा पत्ता देणं.

म्हणून सगळ्यात आधी नेट तोडायचं. वायफाय बंद, केबल असेल तर बाहेर. पेनड्राइव्ह, एक्स्टर्नल हार्ड डिस्क जे लागलेलं असेल ते काढायचं. तुमच्या डोळ्यांसमोर फायलींची नावं बदलत असतील, म्हणजे कुलपं लागणं अजून चालूच असेल, तर सरळ पॉवरचं बटण दाबून धरा आणि मशीन बंद करा. जेवढ्या फायली वाचतील तेवढ्या वाचतील. सगळं होऊन गेलं असेल, तर मग धावपळीने काही फरक पडत नाही. चहा घ्या. आम्ही घेतला.

पीसीवर गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह चालू असेल, तर कुलूपबंद फायली इमानदारीत क्लाउडवरही चढतात. घाबरू नका. उलट तिथे चान्स असतो, कारण या दोन्ही सेवा फायलींच्या जुन्या आवृत्त्या काही काळ सांभाळतात. गूगल ड्राइव्ह साधारणपणे ३० दिवस. दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करून फाइलची जुनी आवृत्ती परत आणता येते. पण दिवस मोजलेले आहेत, एवढं ध्यानात ठेवा.

मग चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढायचा. चिठ्ठी आणि दोन-तीन कुलूपबंद फायली एका रिकाम्या, पुसला गेला तरी चालेल अशा पेनड्राइव्हवर घ्यायच्या. हा तुमचा पुरावा आणि हेच तुमचं सॅम्पल. आता दुसरं मशीन. काकांच्या पीसीवर अँटिव्हायरस कंपन्यांच्या साइट उघडेचनात, आणि काका नेट कंपनीला शिव्या देत होते. नेटचा काही दोष नव्हता. डीजेव्हीयू आल्या आल्या विंडोजच्या एका छोट्या फाइलमध्ये अशा साइटचे पत्तेच चुकीचे लिहून ठेवतं. मदत मागायला जाल, तर दार बंद! मित्राचा लॅपटॉप आणि मोबाइलचा हॉटस्पॉट, यावर काम भागलं.

'आयडी रॅन्समवेअर' नावाची एक फुकट साइट आहे. मायकेल गिलेस्पी नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरने ती उभी केली. तिथे चिठ्ठी आणि एक फाइल चढवली, की कुठल्या खानदानाचं कुलूप आहे ते कळतं. दुसरी 'नो मोअर रॅन्सम'. डच पोलीस, युरोपोल आणि दोन अँटिव्हायरस कंपन्यांनी मिळून २०१६च्या जुलैत ती सुरू केली. ज्या ज्या कुलपांच्या किल्ल्या हाती लागल्या, त्या तिथे फुकट ठेवलेल्या असतात. या दोन पत्त्यांपलीकडे शक्यतो जाऊ नका. कारण 'फ्री डिक्रिप्टर' असं शोधलंत, तर समोर येणाऱ्या दहा गोष्टींत एखादी विषाची पुडी असू शकते. २०२० साली 'झोराब' नावाचं एक रॅन्समवेअर नेमकं डीजेव्हीयूची किल्ली असल्याचं नाटक करून फिरत होतं. आधीच रडकुंडीला आलेला माणूस ते चालवायचा आणि कुलपावर दुसरं कुलूप बसायचं. याला काय म्हणणार!

काकांच्या कुलपाचं निदान अपेक्षेप्रमाणे डीजेव्हीयू. या खानदानाची एक गंमत आहे. कुलूप लावताना पीसीला त्यांच्या सर्व्हरशी बोलता आलं, तर तुमच्यासाठी खास वेगळी किल्ली बनते. बोलता आलं नाही, तर सोबत आणलेली एकच कॉमन किल्ली सगळ्यांना वापरली जाते. चिठ्ठीत जो लांबलचक आयडी असतो, त्याच्या शेवटी 'टी वन' असेल, तर तुम्ही कॉमन किल्लीवाले. एम्सिसॉफ्ट या कंपनीने २०१९च्या ऑक्टोबरमध्ये फुकटचं डिक्रिप्टर काढलं, तेव्हा माहीत असलेल्या १६० अवतारांपैकी १४८ त्यात बसत होते. पण त्या ऑगस्टपासून टोळीने कुलपं बदलली होती, आणि त्या नव्या अवतारांत कॉमन किल्लीवाल्यांनाच आशा उरली.

काकांच्या आयडीच्या शेवटी टी वन नव्हतं.

''म्हणजे गेले?'' काकूंनी विचारलं. मी म्हटलं, किल्ली नाही, पण शटरशिवाय दुकानाला दुसरी दारं असतात की नाही ते बघू.

आणि होती! टॅलीचा ३१ मार्चपर्यंतचा डेटा सीएच्या ऑफिसात होता. एप्रिल-मेच्या नोंदी काकांनी लाल वहीतून परत भरल्या, कारण काकांनी टॅली आल्यापासून वही एक दिवसही बंद केलेली नव्हती. (मित्र याच वहीवरून त्यांना चिडवायचा. आता चिडवत नाही.) लग्नाचा व्हिडिओ बऱ्यापैकी दुरुस्त झाला, कारण डीजेव्हीयू घाईत असतं. ते अख्खी फाइल बंद करत बसत नाही, सुरुवातीचे दीडशे केबी बिघडवून पुढच्या फाइलकडे धावतं. मोठ्या व्हिडिओचा बाकीचा ऐवज शाबूत राहतो आणि रिपेअर टूलने तो जोडता येतो. फोटोग्राफरकडे रिसेप्शनचा सेट निघाला. हळदीचे फोटो मात्र मोबाइलवर काढून पीसीवर ओतलेले आणि मोबाइलमधून पुसलेले. ते नाही मिळाले. मावशीच्या व्हॉट्सअॅपमध्ये त्यातले अकरा सापडले, धुरकट झालेले. एकात आजी ताईच्या गालाला हळद लावताहेत. काकूंनी तो मोठा करून फ्रेम केलाय, कडा फाटल्यासारख्या दिसतात तरी.

एवढं सगळं आटपल्यावर मग किडा काढला. हा क्रम उलटा वाटतो, पण हाच बरोबर. आम्ही जुनी हार्ड डिस्क काढून, वर तारीख लिहून कपाटात ठेवली आणि नवीन एसएसडीवर विंडोज टाकलं. नवी डिस्क नको असेल, तर कुलूपबंद फायली आणि चिठ्ठी एका वेगळ्या डिस्कवर काढून घ्या आणि मग स्कॅन. विंडोजच्या सिक्युरिटी सेटिंगमध्ये 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' असतं. ते पीसी रीस्टार्ट करून, विंडोज पूर्ण जागं व्हायच्या आत तपासतं, त्यामुळे किड्याला लपायला वेळ मिळत नाही. पंधराएक मिनिटांचं काम. मी तरी त्यानंतरही विंडोज नव्याने टाकायच्या मताचा आहे. ज्या घरात एकदा चोर राहून गेला, तिथे नुसता केर काढून मला झोप येणार नाही.

आणि पासवर्ड! ही गोष्ट नव्वद टक्के लोक विसरतात असं म्हणायचा मोह होतोय, पण आकडा माझ्याकडे नाही. मी पाहिलेले सगळेच विसरले होते. डीजेव्हीयू येताना पासवर्ड चोरणारं दुसरं भूतही सोबत आणतं. ब्राउझरमध्ये 'सेव्ह' केलेले जीमेल, नेटबँकिंग, शॉपिंग, सगळे पासवर्ड गेले असं धरून चाला आणि दुसऱ्या मशीनवरून बदला. आधी ई-मेलचा, मग बँकेचा.

सगळ्या धमक्या खऱ्या नसतात

उलट केसही बघितली आहे. ऑफिसातल्या एकीचा रात्री अकराला घाबरून फोन, ''लॅपटॉप लॉक झालाय, सायरन वाजतोय, पोलीस पैसे मागताहेत!'' फुल स्क्रीनवर सरकारी चिन्ह, अश्लील काहीतरी पाहिल्याचा आरोप आणि ऑनलाइन दंड. हे रॅन्समवेअर नाही. हे एक साधं वेब पेज आहे, ज्याने स्क्रीन व्यापलीय आणि आवाज लावलाय. तसंच ते 'मायक्रोसॉफ्टच्या या नंबरवर तातडीने फोन करा'वालं. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, ब्राउझर बंद करा, आणि पुन्हा उघडताना 'जुनी पानं परत आणू का' याला नाही म्हणा. मग चार फोटो उघडून बघा. उघडले? झोपा निवांत. खऱ्या रॅन्समवेअरला सायरनची गरज नसते.

या धंद्याची सुरुवात तर चक्क फ्लॉपीवरून झाली. १९८९ साली जोसेफ पॉप नावाच्या एका संशोधकाने एड्सची माहिती म्हणून सुमारे २० हजार फ्लॉपी टपालाने पाठवल्या. पीसी ९० वेळा सुरू झाला की फायलींची नावं गडप, आणि १८९ डॉलर पनामातल्या पोस्ट बॉक्सवर पाठवा अशी चिठ्ठी! तेव्हा पैसे वसूल करणं हेच अवघड होतं. बिटकॉइनने ती अडचण सोडवली आणि धंदा फोफावला. आपल्याकडे २०१६च्या मेमध्ये थेट मंत्रालयातले दीडशेच्या आसपास कम्प्युटर 'लॉकी'ने बंद केले. २०१७च्या जूनमध्ये 'नॉटपेट्या'मुळे जेएनपीटीतल्या एका टर्मिनलचं काम अडलं. २०२१च्या फेब्रुवारीत पिंपरी-चिंचवडच्या स्मार्ट सिटीचे सर्व्हर सापडले. त्यांच्याकडे आयटी विभाग असतो, काकांकडे मी होतो. फरक एवढाच.

अँटिव्हायरसच्या बाबतीत पुणेकरांना कॉलर ताठ करायला हरकत नाही. कैलाश काटकर यांच्या पुण्यातल्या छोट्याशा रिपेअरिंगच्या दुकानातून, भाऊ संजय यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधून १९९०च्या दशकात क्विक हील उभं राहिलं. आज सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर पीसी साफ करायची जी फुकट टूल्स मिळतात, त्यांतलं एक त्यांचंच. पण कुठलाही अँटिव्हायरस घ्या, तो चालू असेल तरच उपयोग. मंडईतला राखणदार कितीही तगडा असू दे, त्याला तुम्हीच चहाला पाठवलंत तर?

तसंच अपडेटचं. 'वॉनाक्राय' १२ मे २०१७ला जगभर पसरलं, कुणी काही क्लिक न करताही. ज्या भगदाडातून ते शिरलं, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेलं होतं. मधले दोन महिने लाखो लोक 'रिमाइंड मी लेटर' दाबत राहिले. घरात अजून विंडोज १० असेल तर ऐका, त्याचा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरगुती पीसीसाठी वाढीव सुरक्षा अपडेट्सची जी वर्षभराची सोय आहे, ती तरी चालू केलीय का बघा.

आता नाजूक प्रश्न. पैसे भरावेत का? माझं मत, नाही. ४९० डॉलर भरून किल्ली येईलच याची गॅरंटी देणारा माणूस चोर आहे, एवढं पुरे. शिवाय भरणारं गिऱ्हाईक म्हणून तुमची नोंद होते. पण ज्याच्या आजीचे फोटो आत आहेत, त्याला मी मूर्ख म्हणणार नाही. तक्रार मात्र करा. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या राष्ट्रीय पोर्टलवर ती घरबसल्या होते. पैसे गेले असतील किंवा बँकेचा पासवर्ड चोरीला गेला असेल, तर लगेच १९३० फिरवा. चिठ्ठीचा तो फोटो इथे कामाला येतो.

काकांकडे आता दोन एक्स्टर्नल डिस्क आहेत. दर रविवारी दुकान अर्धा दिवस, तेव्हा एक लावायची, कॉपी करायची आणि काढायची. काढायची हे महत्त्वाचं. कायम लावून ठेवलेला बॅकअप रॅन्समवेअरच्या दृष्टीने आणखी एक फोल्डर फक्त. दुसरी डिस्क कोथरूडला ताईकडे असते, महिन्याने अदलाबदल. विंडोजमध्ये 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' म्हणून एक सोय आहे, जी अनोळखी प्रोग्रॅमला तुमच्या फोल्डरमध्ये हात घालू देत नाही. ती मुळात बंद असते, आम्ही चालू केली. फायलींची पूर्ण नावं, शेपटासकट, दिसतील असं सेटिंगही केलं, म्हणजे 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई'सारखं सोंग लगेच पकडता येतं. आणि पुतण्याला वेगळं लॉगिन दिलं, ज्यातून काही इन्स्टॉलच होत नाही. तो थोडा फुगला. मग काकांनी त्याला तो गेम विकत घेऊन दिला. सेलमध्ये ३९९ला मिळाला.

ती जुनी हार्ड डिस्क अजून कपाटात आहे, तारखेच्या चिठ्ठीसकट. काकू मधूनच विचारतात, ''त्याचं काही झालं का रे?'' मी दर काही महिन्यांनी साइटवर बघतो. हा नुसता भाबडेपणा नाही. २०१६च्या मेमध्ये 'टेस्लाक्रिप्ट'वाल्यांनी दुकान बंद करताना मास्टर किल्ली स्वतःहून देऊन टाकली. २०२०च्या एप्रिलमध्ये 'शेड'वाल्यांनी साडेसात लाख किल्ल्या एकदम उघड केल्या. ज्यांनी चिडून फॉरमॅट मारला होता, त्यांच्याकडे तेव्हा उघडायला काही उरलेलंच नव्हतं. गेल्या महिन्यातही बघितलं. आमच्या शेपटाची अजून आलेली नाही.